तिसरी जागा

कोठाराचं लोखंडी दार आतून लोटून घेतलं तेव्हा जिन्यावर पावलं वाजायला लागली होती. आत आम्ही चौघं आणि भिंतीशी ढीग करून टाकलेलं आमचंच सामान. दीड दिवसापूर्वी आम्हाला पकडलं तेव्हा ते अंगावरून उतरवून घेतलं होतं. माझी अरणी, म्हणजे खेळातलं माझं पात्र, पाचव्या लेव्हलची फायटर (लढवय्यी), त्या ढिगातून आपल्या तीन वस्तू वेचून काढत होती. पेटणारी तलवार, लोखंडी हातमोजे, करड्या रंगाचा क्लोक, म्हणजे झगा. तिन्ही सापडल्या, पण तिन्हीतली जादू तिच्यासाठी विझलेली होती.

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकत गोष्ट रचायचा खेळ. त्याच्या पाचव्या आवृत्तीत, म्हणजे २०१४ च्या नियमांत, बऱ्याचशा ताकदवान वस्तू नुसत्या अंगावर चढवून चालत नाहीत. त्यांच्याशी नातं जुळावं लागतं. त्याला अट्यूनमेंट म्हणतात. त्यासाठी एक शॉर्ट रेस्ट लागते, म्हणजे कमीत कमी एक तास त्या वस्तूपाशी शांत बसावं लागतं, आणि एका रेस्टमध्ये एकाच वस्तूशी जुळवून घेता येतं. वस्तू १०० फुटांहून लांब सलग २४ तास राहिली की नातं आपोआप तुटतं. आमचं सामान किल्ल्याच्या दुसऱ्या टोकाला होतं. डीएमने, म्हणजे गोष्ट आणि शत्रू चालवणाऱ्याने, एवढंच विचारलं, "तासभर मिळाला, तर अरणी कशापाशी बसेल?"

मी कॅरेक्टर शीट, म्हणजे अरणीचे आकडे आणि वस्तू लिहिलेला कागद, समोर ओढलं. त्या तीन ओळी लिहायला मला तीन आठवडे लागले होते.

मला हिशेब आवडतो, हे आधीच सांगते. नवीन कॅरेक्टर बनवताना इतरांना आधी चेहरा दिसतो, नाव सुचतं, लहानपण सुचतं. मला आधी आकडे दिसतात. आकड्यांतून खेळणारा गोष्ट खेळत नाही, असं मला अनेकांनी ऐकवलं आहे, आणि ते मला आजही पटत नाही. अरणीशी माझी ओळख आकड्यांतूनच झाली.

कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठका चालणारी मोहीम, पाचव्या लेव्हलपासून सुरू होणार होतं. डीएमने प्रत्येकाला तीन जादूई वस्तू निवडायला सांगितलं होतं: दोन अनकॉमन, एक रेअर. दुर्मीळपणाच्या उतरंडीत अनकॉमन दुसऱ्या पायरीवर, रेअर तिसऱ्या. अट्यूनमेंटला जागाही तीनच. एक माणूस एका वेळी तीनपेक्षा जास्त वस्तूंशी नातं ठेवू शकत नाही.

पहिली निवड हातमोज्यांची. गॉन्टलेट्स ऑफ ओगर पॉवर. ते घातले की स्ट्रेंग्थ, म्हणजे ताकदीचा गुण, १९ होते. वाढत नाही, १९ होते. आधी ८ असो की १८, शेवटी १९. या एका शब्दात सगळा फरक आहे. जी वस्तू दोनने वाढवते ती सबळाला आणि दुबळ्याला सारखंच देते. जी वस्तू आकडा नेमून देते तिचा खरा लाभ ज्याच्याकडे काहीच नाही त्याला. ज्याची स्ट्रेंग्थ आधीच १९ आहे त्याच्या हातात ते मोजे थंडीपुरतेच.

मग मी तेच केलं जे हा हिशेब मांडणारा कुणीही करतो. पात्राचे सहा गुण विकत घ्यायच्या पद्धतीत, म्हणजे पॉइंट बायमध्ये, २७ पॉइंट मिळतात. गुणांची सुरुवात ८ पासून, आणि १५ पर्यंत न्यायला प्रत्येकी ९ पॉइंट लागतात. म्हणजे बरोबर तीन गुण १५ ला नेता येतात आणि उरलेले तीन ८ वर राहतात. फायटर असूनही मी अरणीची स्ट्रेंग्थ ८ ठेवली. वाचलेले ९ पॉइंट तिच्या काटकपणात, चपळाईत आणि सावधपणात गेले. शिवाय फायटरला ४, ६ आणि ८ लेव्हलला गुण वाढवायची संधी मिळते. एरवी ती ताकदीवर खर्च होते, इथे तीही मोकळी झाली.

आणि मग प्रश्न पडला की ही बाई मुळात इतकी अशक्त का? लहानपणी दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. तिला तलवार शिकवणारी म्हातारी गुरू मरताना आपले मोजे तिच्या हातात चढवून गेली. झोपतानाही ती ते काढत नाही, कारण ते काढले की स्वतःचे हात तिला दिसतात. हे सगळं मला त्या ८ च्या आकड्याने दिलं. हिशेब केला नसता तर माझ्या आधीच्या चार फायटरांसारखी हीसुद्धा धिप्पाड, अबोल निघाली असती.

तलवारीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. रेअर वस्तू एकच घ्यायची होती, आणि समोर दोन होत्या: +२ ची ग्रेटसोर्ड, म्हणजे दोन हातांनी धरायची मोठी तलवार, किंवा फ्लेम टंग, म्हणजे ती पेटणारी. +२ म्हणजे वार लागण्याच्या रोलमध्ये दोन आणि नुकसानीत दोन. वीस बाजूंच्या फाशावर प्रत्येक एकाची किंमत पाच टक्के. फ्लेम टंग वार लागायला काहीच मदत करत नाही, पण पेटवली की लागलेल्या प्रत्येक वाराला सहा बाजूंचे दोन फासे आगीचे मिळतात, सरासरी ७.

समोर आर्मर क्लास १५ चा शत्रू धरला, म्हणजे वार लागायला एकूण १५ हवेत. मोजे घातलेल्या अरणीचा हल्ला +७, म्हणजे फाशावर ८ किंवा जास्त हवा, ६५ टक्के. फ्लेम टंगने लागला तर तलवारीचे ११ आणि आगीचे ७ मिळून सरासरी १८, म्हणून प्रत्येक वाराची अपेक्षा ११.७. +२ च्या तलवारीने लागण्याची शक्यता ७५ टक्क्यांवर जाते, पण नुकसान १३, म्हणून अपेक्षा ९.७५. क्रिटिकल, म्हणजे फाशावर २० आल्यावरचं जास्तीचं नुकसान, दोन्हीकडून सोडून दिलं आहे. फ्लेम टंग सरळ पुढे. पण आगीचं अर्धंच नुकसान होणारा शत्रू आला की ती ९.४ वर येते आणि +२ वाली किंचित वरचढ ठरते. आगीचा परिणामच न होणारा आला तर ७.१५. साधी तलवारही तेवढंच देते.

म्हणून वहीत मी आणखी दोन गोष्टी लिहिल्या. एक, +२ च्या तलवारीला अट्यूनमेंट लागत नाही, जागा वाचते. दोन, फ्लेम टंग पेटली की ४० फुटांपर्यंत लख्ख आणि त्यापुढे आणखी ४० फूट मंद उजेड पडतो. गुहेत ते वरदान आहे. दबा धरून बसायचं असेल तर तीच तलवार साऱ्या जगाला हाक मारते. सरासरी हे सांगत नाही. सरासरीत सगळे शत्रू एकसारखे असतात आणि सगळ्या रात्री सारख्याच अंधाऱ्या. तरीही मी फ्लेम टंगच घेतली. माझ्या वहीत ती जिंकली होती, आणि अरणी म्हणजे घासून अग्नी काढतात ते लाकूड.

तिसरा क्लोक ऑफ प्रोटेक्शन. आर्मर क्लासला एक, सगळ्या सेव्हिंग थ्रोंना, म्हणजे संकटातून वाचायला टाकायच्या फाशांना, एक. कसलीही आठवण ठेवावी लागत नाही, बटण नाही, चार्ज नाही. गुपचूप काम करणारी वस्तू. तीन जागा, तीन वस्तू, एकही जागा रिकामी नाही. शीटवरच्या त्या चौकोनाकडे मी समाधानाने बघत बसले होते, ते मला नीट आठवतं.

ही तीनची मर्यादा मला फार आवडते, आणि तिच्या मागे बराच इतिहास आहे. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ पहिल्यांदा छापला तेव्हा जादूची तलवार सापडायची, आणि काय सापडणार ते तक्त्यावरचा फासा ठरवायचा. २००० मध्ये तिसरी आवृत्ती आली आणि वस्तूंना सूत्राने किमती लागल्या. शस्त्राच्या प्लसचा वर्ग करायचा आणि २,००० सोन्याच्या नाण्यांनी गुणायचं: +१ ला २,०००, +२ ला ८,०००, +५ ला ५०,०००. चिलखताला तोच वर्ग, गुणिले १,०००. वर्ग आला की हिशेबी माणसाला फट दिसते. एकट्या चिलखतावर +४ घ्यायला १६,००० नाणी. तेच +१ चं चिलखत, +१ ची ढाल, संरक्षणाची +१ अंगठी आणि कातडी टणक करणारा +१ ताईत असे चार तुकडे घेतले तर १,०००, १,०००, २,०००, २,०००. सहा हजारांत तेच चार, कारण चौघांचे बोनस वेगवेगळ्या जातीचे आहेत आणि एकमेकांवर रचले जातात. मग काय, डोक्यापासून पायापर्यंत अंगाची एकही जागा उघडी राहीना. अशा कॅरेक्टरला खेळाडू ख्रिसमस ट्री म्हणायचे. मी तो खेळ मनापासून खेळले आहे, पण त्या कॅरेक्टरांच्या अंगावर काय काय होतं ते आज मला एकाचंही सांगता येणार नाही.

२००८ च्या चौथ्या आवृत्तीत वेगळा बांध घातला गेला: वस्तूंच्या रोज एकदा वापरायच्या शक्ती दिवसातून किती वेळा वापरता येतील यालाच मर्यादा. पाथफाइंडर या त्याच धाटणीच्या खेळाच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत अशा नात्याला दहा जागा आहेत. तीनमध्ये जो पेच आहे तो दहामध्ये नाही. दहा भरता येतात. तीन निवडावे लागतात.

तर कोठार.

तिथे पोचण्याआधीच माझ्या वहीचा अर्धा हिशेब कोलमडला होता. कोठडीच्या दाराबाहेर लाकडी अडसर होता, फटीतून हात घालून तो उचलायचा होता. बाकी तिघांचे हात बांधलेले, अरणी मोकळी. स्ट्रेंग्थचा रोल. फाशावर १२ आले. ८ स्ट्रेंग्थचं वजा एक, म्हणून ११. डीएम हळूच म्हणाला, "बारा हवे होते." स्ट्रेंग्थ १० असती तरी अडसर उचलला गेला असता, आणि ८ वरून १० वर न्यायला मला फक्त दोन पॉइंट लागले असते. सत्तावीसातले दोन. मोजे उतरवलेल्या अरणीच्या हातात साधी ग्रेटसोर्ड दिली तर तिच्या वाराची अपेक्षा ७.१५ वरून २.४ वर येते, हे मी नंतर मांडून पाहिलं. एका वस्तूवर सगळा भार टाकला की ती वस्तू काढून घेतल्यावर काय उरतं तेही त्याच वेळी मोजायला हवं. मी ते मोजलं नव्हतं. त्या रात्री अरणी आपल्या उघड्या हातांकडे बघत बसली, आणि मला तिच्या तोंडी घालायला एकही वाक्य सुचलं नाही.

अडसर शेवटी आमच्या रोगने, म्हणजे आमच्यातल्या चोर पात्राने, बांधल्या हातांनीच कसाबसा हलवला. आणि आता कोठाराच्या दारामागून पहारेकरी येत होते.

ढिगात एक दांडी होती. इमूव्हेबल रॉड. बटण दाबलं की ती हवेत जिथे असेल तिथेच थिजते, पुन्हा बटण दाबेपर्यंत. ८,००० पौंड भार पेलते, म्हणजे साडेतीन टनांहून जास्त. जोर लावून ती सरकवायची तर स्ट्रेंग्थच्या रोलवर ३० लागतात, जे साध्या माणसाच्या आवाक्याबाहेर आहे. अट्यूनमेंट लागत नाही. ती आमच्या रोगने निवडली होती, आणि निवडताना मी तिला सांगितलं होतं की तुझ्या तीन वस्तूंमधली एक वाया चालली आहे. माझ्या तक्त्यात त्या दांडीपुढे शून्य होतं, कारण तक्त्यात रकानेच दोन होते: वार किती लागतो आणि वार किती चुकतो.

दार आत उघडत होतं. रोगने दांडी दाराला टेकवून आडवी धरली आणि बटण दाबलं. बाहेरून धक्के बसले, खांदे बसले, बाक आणून आपटला. दार हललं नाही. आम्हाला तास मिळाला.

एका तासात एकच नातं. मी तिन्ही ओळींकडे बघितलं आणि या वेळी वही उघडावी लागली नाही. मोजे. त्यांच्याशिवाय प्लेट आर्मर घालून ती धड पळूही शकत नव्हती, कारण त्याला १५ स्ट्रेंग्थ लागते आणि कमी पडली की वेग १० फुटांनी घटतो. तलवार न पेटता साध्या पोलादासारखी चालली असती. क्लोक राहिला. अरणी मोज्यांपाशी बसली.

तेव्हा आमच्या विझार्डला, म्हणजे जादूगाराला, खेळवणारी मैत्रीण म्हणाली, "माझी जागा रिकामी आहे. तासभर मी काय करतेय? क्लोक मी घेऊ?"

मला हे सुचलं नव्हतं. तीन आठवडे हिशेब करूनही नाही. एक तास म्हणजे एक नातं, असं मी धरून बसले होते. तास एकच होता, पण बसणारे चौघं होते.

तरी मी आतून कुरकुरले, कारण आकडे माझ्या बाजूने होते. अरणीचा आर्मर क्लास १९, क्लोक घालून २०. +५ ने मारणारा शत्रू तिला ३५ टक्के वेळा लागतो, क्लोक असेल तर ३०. सात फटक्यांतला एक वाचतो. विझार्डचा १५, क्लोक घालून १६. पंचावन्नाचे पन्नास. अकरा फटक्यांतला एक. आधीच ज्याला कमी लागतं त्याच्या अंगावर +१ जास्त काम करतो, हे बिल्ड करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. मी "घे" म्हटलं, पण बाहेर पडल्यावर परत मागायचा हे मनात धरून.

तास संपला. विझार्डने अरणीवर हेस्ट हा मंत्र टाकला, रोगने बटण दाबून दांडी काढून घेतली आणि आम्ही जिन्यावर घुसलो.

हेस्ट खेळलेल्यांना पुढचं माहीत आहे. वेग दुप्पट, आर्मर क्लासला दोन, वर एक जास्तीचा वार. पण टाकणाऱ्याला पूर्ण वेळ लक्ष एकवटून ठेवावं लागतं. त्याला मार बसला की काटकपणाचा सेव्ह: १० किंवा बसलेल्या माराच्या निम्मे, जे जास्त असेल ते. तो हुकला की हेस्ट संपतो, आणि ज्याच्यावर होता त्याला असा थकवा येतो की पुढची खेळी होईपर्यंत हलता येत नाही, काही करता येत नाही. अरणी तेव्हा जिन्याच्या वळणावर, चार पहारेकऱ्यांच्या मधोमध.

वरून एक बाण विझार्डला लागला. ७ पॉइंट. सेव्हला १० हवेत.

तिने फासा टाकला. तो टेबलाच्या कडेपर्यंत घरंगळला, शीटच्या कोपऱ्याला अडला आणि थांबला. सात. काटकपणाचे दोन, नऊ. ती क्षणभर गप्प राहिली आणि मग तिचं बोट शीटवर नुकत्याच लिहिलेल्या, अजून नीट न वाळलेल्या ओळीवर गेलं. क्लोक, एक. दहा.

हेस्ट टिकला. अरणीने त्या खेळीत तीन वार केले आणि वळणावरून खाली आली.

त्या रात्री घरी जाऊन मी नवीन पान उघडलं. विझार्डचा सेव्ह क्लोकशिवाय ६५ टक्के, क्लोकसकट ७०. एका बाणापुरते पाच टक्के. पण लढाईत मार एकदाच बसत नाही. दोनदा बसला तर दोन्ही सेव्ह तरून जाण्याची शक्यता ४२ आणि ४९. तीनदा बसला तर साधारण २७ आणि ३४. आणि त्या प्रत्येक टक्क्याच्या दुसऱ्या टोकाला अरणी उभी: तिचा तिसरा वार, तिचे दोन आर्मर क्लास, तिची न हुकलेली खेळी. म्हणजे क्लोक विझार्डच्या खांद्यावर होता आणि त्याचं काम अरणीच्या अंगावर चालू होतं. वहीत मी तीन आठवडे एकाच बाईला उभी केली होती, तिच्या आजूबाजूला कुणी नव्हतं. म्हणून ही बेरीज तिथे दिसणं शक्यच नव्हतं.

आता कुठलीही वस्तू मिळाली की मी दोनदा मांडते. एकदा घालणाऱ्याच्या नावाने आणि एकदा त्या वस्तूमुळे ज्याची खेळी वाचते त्याच्या नावाने. दुसरी मांडणी अवघड असते, कधीकधी आकड्यांत येतच नाही. साडेतीन टन पेलणाऱ्या दांडीला मी अजून कुठला रकाना द्यावा ते मला कळलेलं नाही. पण तिच्यापुढचं शून्य मी खोडलं आहे.

पुढच्या सेशनला सुरुवात होण्याआधी मैत्रिणीने विचारलं, "क्लोक परत हवा ना तुला?"

"नको," मी म्हटलं, "तुझ्या अंगावर असला की मला जास्त उपयोगी पडतो."

तलवारीशी अरणीचं नातं पुन्हा जुळलं आहे. तिसरी जागा रिकामी आहे, आणि ती मी मुद्दाम तशी ठेवली आहे. तिन्ही भरलेल्या असताना वाटेत नवीन काही सापडलं तर आधी एक रेस्ट जुनं नातं सोडायला लागते आणि मग दुसरी नवीन जुळवायला. दोन तास. एक जागा मोकळी असली की एकच पुरतो. त्या दारामागे एक तास केवढा असतो ते मी पाहिलं आहे.

आणि मोज्यांच्या ओळीखाली कंसात मी पेन्सिलीने अरणीचा स्वतःचा आकडा लिहून ठेवला आहे. ८. सहाव्या लेव्हलला गुण वाढवायची संधी आली तेव्हा सगळ्यांनी सांगितलं की त्याऐवजी फीट, म्हणजे एखादं खास कौशल्य, घे, चांगल्या चांगल्या फीट आहेत. मी दोन्ही पॉइंट तिथे टाकले. मोजे हातात असताना त्या दोनचा काडीचा उपयोग नाही, हे मला माहीत आहे. कंसातला ८ खोडून १० केला.